जावेनं जगवलेला कॉम्प्युटर

माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली ती एका पेनड्राइव्हमुळे, हे आता कबूल करायला हरकत नाही. पेनड्राइव्ह माझ्या धाकट्या जावेचा होता आणि तो तिनं आमच्या सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावला होता. मी शाळेतून नुकतीच आले होते, हातात भाजीची पिशवी होती, आणि मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. त्यांचे पूर्वज ग्वाल्हेरच्या दरबारात कारकून होते, ते स्वतः सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. त्यांना मोडी वाचता येते. शहरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतून लोक आपल्याकडचे जुने कागद कापडात गुंडाळून त्यांच्याकडे आणतात. कुणाच्या पणजोबांच्या नेमणुकीचा कागद असतो, कुणाची वंशावळ, कुणाचं नुसतंच खुशालीचं पत्र. त्या घरांतल्या आताच्या मुलांना त्यातलं एक अक्षर लागत नाही. बाबा ते वाचतात आणि देवनागरीत उतरवून देतात.

वाचायचे ते आणि टाइप करायचे मी, अशी आमची रीत होती. मी फूलबागेजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. साडेतीनला घरी यायचं, चहा करायचा आणि चारला कॉम्प्युटरसमोर बसायचं. बाबा शेजारच्या खुर्चीत भिंग घेऊन बसत आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचत. मध्येच थांबून सांगत, हा लिहिणारा घाईत होता बघ, याला घरी जायचं असणार. कोणतं घराणं दख्खनमधून कधी आलं, कोण फौजेबरोबर आलं आणि कोण पोथ्या घेऊन, हे सगळं मला त्या खुर्चीत बसून कळलं. माझ्या नवऱ्याचं आणि त्यांचं बोलणं म्हणजे गॅसचं सिलिंडर आणि ब्लडप्रेशरची गोळी. या घरात येऊन मला वीस वर्षं झाली, पण पूर्णपणे माझं असं काही असेल तर तो चार ते पाचचा तास होता.

शिवाय घरातली कॉम्प्युटरची जाणकारही मीच होते. बारा वर्षांपूर्वी इंदरगंजच्या दुकानातून तो मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर मीच पसंत करून आणला होता. प्रिंटर अडला की मला हाक, पासवर्ड विसरला की मला हाक. मी थोडा भावही खायची, नाही असं नाही.

मग माझ्या दिराची बदली इकडे झाली आणि धाकटी जाऊ पुण्याहून आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. ती काही वाईट नाही. वाईट असती तर सोपं झालं असतं. तिचं मराठी अगदी नितळ. आम्ही पडलो ग्वाल्हेरचे, वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठे हिंदीत शिरतं ते आमचं आम्हाला कळत नाही. बाबा एकदा जेवताना म्हणाले की हिचं बोलणं ऐकत राहावंसं वाटतं. मी पोळी वाढत होते. त्या दिवशी त्यांना चौथी पोळी मी विचारलीच नाही.

त्याच सुमारास कॉम्प्युटर म्हातारा झाला. म्हणजे बिघडला नाही, पण कंपनीनं जाहीर करून टाकलं की या मॉडेलला यापुढे नवी सिस्टिम मिळणार नाही. हळूहळू एकेक वेबसाइट उघडेनाशी झाली. मोडी वाचणाऱ्यांची एक मंडळी इंटरनेटवर जमते. अडलेल्या शब्दाचा फोटो टाकला की कुठल्या तरी गावाचा कुणी जाणकार तो सोडवून देतो. बाबांचा त्यात मोठा जीव. तेही पान उघडेना. मी कॉम्प्युटर रिक्षात घालून इंदरगंजला नेला. दुकानदारानं मागूनच मॉडेल बघितलं आणि म्हणाला, "मैडम, ये तो गया। नया ले लो।"

मी घरी येऊन निकाल सांगितला. बाबा म्हणाले, नवा नको, या पडद्यावरचं मला दिसतं, याची बटणं हाताला मालूम आहेत. मंडळीचं पान नसेल तर नसेल. मी वरवर हळहळले. आतून मला बरंच वाटलं होतं. मंडळी गेली तर मीच उरणार होते.

जावेनं मात्र फक्त एवढंच म्हटलं की ताई, मी जरा बघू का? आणि बघितलं. जगात काही लोक आहेत म्हणे, जे कंपनीनं टाकून दिलेल्या जुन्या मशिनींवर नवी सिस्टिम चालावी म्हणून फुकट डोकं खपवतात. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिलाय. तो पेनड्राइव्हवर घ्यायचा, त्यावरून मशीन सुरू करायचं, नवी सिस्टिम चढवायची. मग कंपनीनं नव्या सिस्टिममधून जे जुने भाग काढून टाकलेले असतात, पडद्याचे, वायफायचे, ते पॅच करून परत बसवायचे. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, म्हणजे ठिगळंच की. ती हसली. म्हणाली, हो ताई, ठिगळंच, पण ऊब तेवढीच.

पहिल्या दिवशी अर्ध्यावर पडदा काळा झाला आणि तसाच राहिला. मी स्वयंपाकघरात होते. मला आनंद झाला, आणि तो लपवायला मी कणीक जरा जास्तच मळली. दुसऱ्या दिवशी दुपारी कॉम्प्युटर सुरू झाला. नवी सिस्टिम, नवं रंगीत चित्र, सगळं. मंडळीचं पान उघडलं. बाबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांत त्यांनी माझ्या कशालाही टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

इथवर मी सहन केलं असतं. पण नव्या ब्राउझरबरोबर आणखी एक सोय आली. माइकसमोर बोललं की पडद्यावर मराठीत आपोआप उमटतं. जावेनं ती लावून दिली आणि बाबांना म्हणाली, वाचा. बाबांनी एका पत्राच्या चार ओळी वाचल्या आणि त्या चारही ओळी त्यांच्या डोळ्यांदेखत तयार झाल्या. एखादंच अक्षर चुकलं होतं. त्यांनी पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून, अगदी खुशीत, म्हणाले, "चला, आता तुला रोज रोज परेशान नको करायला."

मी ज्याला माझा तास समजत होते, त्याला ते माझा त्रास समजत होते. मी हसून म्हटलं, चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी चारला मी वह्या तपासायला बसले. आतून त्यांचा वाचायचा आवाज येत होता. वाचत होते, थांबत होते, पण थांबून कुणाला काही सांगत नव्हते. माझा जळफळाट झाला. जावेवर झाला, त्या मशीनवर झाला, ठिगळं लावणाऱ्या त्या कुठल्याशा परोपकारी लोकांवरसुद्धा झाला.

जावेनं बाबांना एकच पथ्य सांगितलं होतं. कंपनीकडून अपडेट आलं की ते घ्यायचं नाही. घेतलं तर पॅच पुसले जातात आणि ते पुन्हा बसवावे लागतात. विसरायला नको म्हणून तिनं पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली. तिचं अक्षरही सुरेख आहे. 'बाबा, अपडेट करा असं आलं तरी दाबू नका. आधी मला हाक मारा.' मला, मला! घरात आणखी कुणी राहतच नव्हतं जणू. ती चिठ्ठी मला रोज धूळ पुसताना वाचावी लागे.

दिवाळीच्या आधी तिच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि ती महिनाभरासाठी पुण्याला गेली. जाताना मला म्हणाली, ताई, बाबांच्या कॉम्प्युटरकडे लक्ष असू द्या. दोन दिवसांनी मी दिवाळीची सफाई काढली. ओल्या फडक्यानं पडदा पुसताना चिठ्ठीचा एक कोपरा सुटला. मी तो परत दाबून बसवू शकले असते. चिकटपट्टी शेजारच्याच ड्रॉवरमध्ये होती. मी चिठ्ठी ओढून काढली आणि रद्दीत टाकली. मला काय हवंय ते मला नेमकं ठाऊक होतं. जावेनं चालू केलेलं बंद पडायला हवं होतं. ते बटण कुणाच्या बोटानं दाबलं जाईल, एवढाच विचार मी केला नव्हता.

चौथ्या दिवशी शाळेतून आले तर बाबा हात मांडीवर ठेवून पडद्यासमोर बसले होते. वायफायच्या खुणेवर काट मारलेली. एक खिडकी सरकवली तर ती अडखळत, मागे सावल्या सोडत जात होती. माइक ऐकत होता, पण काही उमटत नव्हतं.

"मी दाबून दिलं," बाबा म्हणाले. "कंपनीची नोटीस आली. दोनदा वाचली. म्हटलं, वरून हुकूम आलाय, पोच तर द्यायला पाहिजे."

आमच्या घरात सात पिढ्या हेच केलंय. वरून कागद आला की वाचायचा, डोळ्याला लावल्यासारखं करायचं आणि पाळायचा. बाबांनी उभ्या नोकरीत एका नोटिशीचं उत्तर उशिरा दिलं नाही. कॉम्प्युटरनं अदबीनं सांगितलं, त्यांनी अदबीनं ऐकलं.

मी म्हटलं, काही नाही होत. ते म्हणाले, "तिनं सांगून ठेवलं होतं काहीतरी नाही करायचं म्हणून. काय नाही करायचं तेच याद नाही आलं. आता माझ्याच्यानं नाही होणार हे काम." माझ्यासमोरच त्यांनी एका घरी फोन लावला आणि सांगितलं की तुमचे कागद येऊन परत घेऊन जा, मी आता म्हातारा झालो. मी उभी होते. फोन हातातून काढून घेऊ शकले असते, घेतला नाही.

तासभर मी एकटीनं खटपट केली. बारा वर्षांची जाणकार मी, मला कुठलं बटण कुठे तेसुद्धा सापडेना. शेवटी जावेला फोन लावला. ती दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर होती. तिनं शांतपणे सगळं विचारलं. मग म्हणाली, राउटरची वायर टेबलापर्यंत ओढून आणा आणि कॉम्प्युटरला लावा, त्याला नेट मिळू दे. तो प्रोग्रॅम मशीनमध्येच आहे, उघडा. आता दुसऱ्या चौकटीवर जा. पासवर्ड घाला. रीस्टार्ट करा. ती सांगत गेली आणि मी करत गेले. काम किती झालं ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी भरत होती तेव्हा तिनं विचारलं, "ताई, चिठ्ठी निघाली होती का?"

"सफाईत गेली," मी म्हटलं.

तिनं आधी पट्टी कुठवर आली ते विचारलं. तिला कळलं की नाही ते मला आजही माहीत नाही. मग म्हणाली, "माझंच चुकलं. साध्या कागदावर लिहायला नको होतं. तुम्ही होतात म्हणून बरं, ताई." तिनं मला चार शब्द सुनावले असते तर मी तिच्याशी भांडू शकले असते. तेवढीही सोय तिनं ठेवली नाही, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

कॉम्प्युटर पूर्वीसारखा झाला. वायफाय आलं, खिडक्या सरळ सरकू लागल्या. मी बाबांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, बाबा, चूक तुमची नाही, चिठ्ठी मी काढली होती. ते म्हणाले, "तू साफ करायला काढलीस. दाबलं तर मीच ना." साफ करायला नव्हती काढली, हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं. वर पाणी प्यायले.

त्या घरानं नेलेले कागद मी स्वतः जाऊन परत आणले, आणि चार ते पाचचा तास मला परत मिळाला. बाबा माइकला हात लावत नाहीत. ते वाचतात, मी टाइप करते, जे मला हवं होतं तेच. फक्त आता एक ओळ वाचून झाली की ते थांबून काही सांगत नाहीत. बरोबर झालं का, म्हणून माझ्या तोंडाकडे बघतात. मंडळीच्या पानावर फोटो टाकायचा असला तरी माझी वाट बघतात. मोडीचा असला कागद वाचणारा माणूस गावात दुसरा नाही, आणि तो माझ्या परवानगीनं स्क्रीन खाली सरकवतो.

परवा शाळेत परीक्षेचं काम निघालं आणि मला घरी यायला पाच वाजले. बाबा कॉम्प्युटरसमोर बसले होते. शेजारी सकाळचा चहा साय धरून तसाच. त्यांनी एक जुनी फाइल नुसती वाचायला उघडली होती, कुठल्या तरी बटणाला हात लागला असावा, आणि पडद्यावर एक छोटी चौकट आली होती. फाइल सेव्ह करायची का, हो की नाही, एवढंच.

मी विचारलं, कधीपासून बसलाय?

"अकरा वाजल्यापासून," ते म्हणाले. मग पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "दाबू का?"