बातमीच्या क्रमाने लिहिलेली नोंद

वर्तमानपत्राच्या डेस्कवरून निवृत्त झाल्यावर मी कमांड लाइन शिकायला घेतली. म्हणजे माउस न वापरता, टाइप करून संगणकाला हुकूम देणं. शिकलेलं प्रत्येक काम नोट्सच्या अ‍ॅपमध्ये उतरवत असे. वर मथळा, पहिल्या ओळीत सगळ्यात महत्त्वाचं, बाकी तपशील खाली. बातमी अशीच लिहितात. नोंद वेगळ्या क्रमाने लिहावी लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

पत्नी पंचवटीतल्या एका शाळेत दुसरीला शिकवते. जूनमध्ये तिने वर्गातल्या प्रत्येक मुलाचं वाचन रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवलं होतं. वर्षअखेरच्या पालकसभेत ते ऐकवायचं आणि लगेच त्याच मुलाला समोर वाचायला लावायचं, असा बेत. एका मुलीचं रेकॉर्डिंग तिने मला मुद्दाम ऐकवलं. बराच वेळ शांतता, मग पत्नीचा आवाज, ‘हं, बोल बाळा.’ पुन्हा शांतता. शेवटी एकच शब्द: ‘कमळ.’

सभेच्या आठवड्यात लॅपटॉप भरला. रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर हलवायचं ठरलं.

‘अहो, माउसने ओढून टाका की सरळ.’

‘कमांडने लगेच होईल,’ मी म्हणालो.

नोंद उघडली. मथळा होता, ‘फोल्डर हलवून जागा मोकळी करणे’. पहिल्या ओळीत फोल्डर पुसण्याची कमांड होती, कारण जागा तिनेच मोकळी होते. मी ती चालवली. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘तत्पूर्वी सर्व फाइल्स पेन ड्राइव्हवर कॉपी केलेल्या असाव्यात.’ या कमांडने पुसलेलं रिसायकल बिनमध्येही जात नाही. परत आणण्याचे उपाय करून पाहिले, काही हाती लागलं नाही.

पत्नीने नोंद वाचली. ‘बातमी छान लिहिलीय. खालून वर वाचायची, एवढंच.’ ती हसली नाही.

सभेला मी मागच्या बाकावर बसलो होतो. ‘कमळ’ वाचणाऱ्या त्या मुलीचे वडील सायखेड्याला शेतावर राहतात, मायलेकी इथे पंचवटीत. शाळेत ते पहिल्यांदाच आले होते.

‘बाई, ते जूनचं लावा ना,’ मुलीची आई म्हणाली. ‘ह्यांनी ऐकलंच नाय.’

‘ताई, ते माझ्या हातून पुसलं गेलं हो,’ पत्नी म्हणाली.

कोणी केलं हे बातमीत चुकलेलं असलं, तर डेस्कवर मी तो मजकूर वार्ताहराकडे परत पाठवत असे. मी बाकावरून उठलो नाही.

मुलीने अख्खा धडा न अडखळता वाचला. आईने डोळ्यांना पदर लावला. वडील शेजारच्या पालकाकडे वळून म्हणाले, ‘आपली पोर पहिल्यापासनंच हुशार हाय.’

पत्नीने पुढच्या मुलाला हाक मारली.