सुशीलाचा सायन्सचा पेपर

मैत्रिणींनो, आज बासरला सरस्वतीच्या देवळात सुशीला भेटली. तेलुगू मुलखातल्या नार्नूरकडच्या आमच्या गावात, मराठी शाळेत सातवीपर्यंत ती कायम पहिली, मी दुसरी.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आठवी फक्त तेलुगूत होती. मी उत्तरं न समजता पाठ केली आणि पुढे कॉलेजात गेले. सुशीलानं सायन्सचा अख्खा पेपर समजून लिहिला, पण मराठीत. तपासणाऱ्या सरांना मराठी वाचताच येत नव्हतं. तिला शून्य मिळालं, शाळा सुटली.

आज तिची नात तांदळात पहिलं अक्षर गिरवत होती. तेलुगूतलं.

"मराठी काऊन नाही वं?" मी विचारलं.

"हिचा पेपर तरी कोनी वाचला पायजे ना, बाई."

तुमच्या वर्गातली पहिली मुलगी आज कुठं आहे?