चार हातपाय, चार मलमं

कासारीणकाकू बांगड्या भरण्याआधी स्वतःचे तळहात गिऱ्हाइकासमोर धरायच्या. "बघून घे. सोरायसिस हाय. लागत न्हाई. आता बोल, हिरव्या का लाल?"

औंढ्यात देवळाच्या वाटेवर त्यांचं दुकान होतं. तळहात-तळपाय लालभडक, पापुद्रे सुटलेले. थंडीत तर भेगांतून रक्त यायचं. दिवसभर दुसरीचा हात हातात घेऊन बसायचा धंदा, आणि आजार नेमका तळहाताचा. नशीब वाटताना आपल्या वेळेला नागनाथाचा डोळा लागला होता, असं काकू देवळाकडे बघतच सांगायच्या.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंकडून वेळोवेळी आणलेली मलमं एकदा त्यांनी वाटूनच टाकली. डाव्या हाताला स्टिरॉइडचं, उजव्याला पापुद्रे काढणारं सॅलिसिलिकचं, उजव्या पायाला डांबराचं, आणि डाव्या पायाला नुसतं व्हॅसलीन लावून वर मोजा. "कोणतं चालतं ते कळाया नको? देवानं चार हातपाय काहून दिले मग?" महिनाभर दुकानात येईल त्या बाईला त्या निकाल सांगत होत्या. डावा हात आठवड्यात गुळगुळीत झाला, म्हणून काकूंनी मलम बंद केलं, तर आजार दुप्पट जोरानं परतला. उजवा हात साफ दिसायचा, पण चुरचुरायचा. मोज्यातल्या पायाच्या भेगा गुपचूप मऊ पडल्या. डांबराचा पाय सावकाश सुधारत होता. "पण चादर बघ," त्या म्हणाल्या, "अंथरुणात सडक तयार होऊन राहिली." डॉक्टरीणबाई आधी रागावल्या, मग हसल्या. स्टिरॉइड मनानं सोडायचं नाही, मी सांगेन तसं कमी करायचं, अशी तंबी त्यांनी दिली.

माझ्या लग्नात चुडा भरायला काकूच आल्या. नवऱ्याच्या आत्यानं त्यांचे तळहात पाहिले आणि माझा हात मागे ओढला. नव्या पोरीला रोग लागेल, म्हणाली.

काकू शांतपणे म्हणाल्या, "लागत असतं तर आधी माझ्या मालकाला लागलं असतं. तीस साल झाले संसाराला, त्यांना अजून कामसुदिक लागलं न्हाई."

ओसरीवर बसलेले मालकच आधी हसले. मी हात परत पुढे केला. काकूंनी तळहात टेकू न देता नुसत्या बोटांनी चुडा भरला. मनगट माझं होतं, म्हणून मलाच ते कळलं.

त्यानंतर आठ दिवस त्या रबरी हातमोजे घालून दुकानात बसल्या. बांगड्या पटापट पिचायला लागल्या. हाताचं हाड कुठं वळतं ते रबरातून कळत नाही, म्हणत त्यांनी मोजे काढून फेकले आणि पुन्हा तळहात दाखवायला लागल्या.

गेल्या माघात काकू गेल्या. छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. सवाष्ण गेली म्हणून हिरव्या बांगड्या आणल्या, पण भरणार कोण? त्यांच्याकडून बांगड्या भरून घेतलेल्या तिथं पंचवीस जणी होत्या; दुसरीच्या हातात भरणं एकीलाही येत नव्हतं. मी बसले. काकूंचा डावा तळहात मऊ होता, उजवा खरखरीत. म्हणजे पुन्हा कसलीतरी तुलना चालली होती. डाव्याला काय लावलं होतं, ते आता सांगणार कोण?

पहिल्या दोन बांगड्या पिचल्या. मी हाताला खोबरेल चोळलं, अंगठा आत दुमडला. तिसरी चढवताना दारातून मालक म्हणाले, "हळू. भेगा दुखतेत तिच्या."

मी हळूच चढवली.