बाईंच्या वहीचा समास

साहेब लोक नदीविषयी बोलायला लागले, की बाई तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायच्या आणि विचारायच्या, "साहेब, तुमी पान्यात उतरले होते का?" उत्तर ठाऊक असायचं. तरी विचारायच्या.

प्राणहितेच्या काठी आमचं पाणी मोजायचं ठाणं होतं. नदीत आकडे रंगवलेला खांब, आणि रोज सकाळी त्यावरून पातळी वाचून वहीत लिहिणाऱ्या या बाई, रोजंदारीवर. मी तिथला कनिष्ठ अभियंता. आकडा लिहून झाला की बाई समासातही काहीबाही लिहायच्या. 'आज पानी गवतात शिरलं.' 'मासोळी चढली.' 'गवत उघडं पडलं.' आमचा कारकून आकडे उतरवून घ्यायचा आणि समास सोडून द्यायचा. मीही त्याला कधी हटकलं नाही. शहाणपण काय ते रकान्यात असतं, अशी आम्हा सुशिक्षितांची समजूत. तुमच्याही कचेरीत असं समासात लिहिणारं माणूस असेल. पाहून ठेवा.

ठाण्याच्या खाली काठाला लागून राखीव पाणथळ आहे. पुराचं पाणी तिथल्या गवतात शिरतं, काही दिवस मुक्काम करतं, आणि मासोळी तिथं अंडी घालते. अलीकडं पाऊस बिघडला. महिनाभर ओढ, मग चार दिवसांत सगळा. तेव्हा या पाणथळीला वरच्या धरणातून किती पाणी द्यायचं, याची योजना करायचं ठरलं. शहरातून एक कंपनी आली. दोन दिवस राहिली. त्यातला एक दिवस वाघ बघण्यात गेला. उरलेल्या दिवसात त्यांनी पाणथळीला वर्षाकाठी लागणारं 'एकूण पाणी' काढलं.

चंद्रपूरच्या बैठकीला मी बाईंना सोबत नेलं.

"एकून म्हंजे?" बाईंनी विचारलं.

"वर्षभराचं मिळून, बाई," कंपनीचा माणूस बालवाडीत शिकवावं तसं म्हणाला.

"मंग वर्षभराचं जेवन तुमाले एकाच दिवशी वाढलं त चालन का? पानी हळू चढलं पायजे, तीन हप्ते थांबलं पायजे, मंग हळू उतरलं पायजे. मासोळीचं पिल्लू का आकडा पिऊन मोठं होते?"

सगळे हसले. मीही हसलो. योजनेवर माझी सही आहे.

पुढं खांबावर यंत्र बसलं आणि बाईंचं काम गेलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "यंत्र काई इचारत नाई."

त्याच वर्षी सप्टेंबर सरत आला तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं, की पाणथळीचं पाणी द्यायचंच राहिलं. तीन दिवसांत सगळं सोडलं. पाणथळ तुडुंब भरली आणि आठवड्याच्या आत उघडी पडली. अहवालात आलं, उद्दिष्ट शंभर टक्के साध्य.

मी पाहायला गेलो. बाई गुडघाभर चिखलात उभ्या होत्या. आटत चाललेल्या डबक्यांतून, लुगड्याच्या फडक्यानं, भाताच्या दाण्याएवढी पिल्लं गोळा करून पाण्यानं भरलेल्या गंजात घेत होत्या आणि नदीत नेऊन सोडत होत्या. बाकीची चिखलावर पांढरी पडली होती. मला वाटलं, आता या मला धुऊन काढतील.

"किती जगतील, बाई?"

"मले का माईत? फडकं धरा इकडून."

दुपारपर्यंत आम्ही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या जुन्या वह्या काढल्या. कितव्या पातळीला पाणी गवतात शिरतं, किती दिवस राहतं, मासोळी कधी चढते, सगळं समासात होतं. तक्ता केला, वर बाईंचं नाव लिहिलं आणि वरिष्ठांकडं पाठवला. वर वाचायला दोन वर्षं लागली. सुधारित योजना आली तेव्हा तक्ता जसाच्या तसा होता. नावाच्या जागी मात्र छापलं होतं, 'स्थानिक माहिती'.

तरी दाखवावी म्हणून बाईंच्या गावी गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "बाई त गेल्या ना, साहेब. राजुऱ्याले पोरीकडं होत्या. तिथंच, उन्हाळ्यात."

यंदा पाणी हळूहळू सोडलं. तीन आठवडे ते गवतात थांबलं. पाहणीला आलेले मोठे साहेब बांधावर उभे राहून खूश झाले. "ही कल्पना कोणाची?" त्यांनी विचारलं. कंपनीच्या माणसानं नम्रपणे मान झुकवली.

मी मोठ्यानं बाईंचं नाव घेतलं. पूर्ण नाव, गावासकट.

"असं?" साहेब म्हणाले. "त्या कोणत्या कंपनीच्या?"