रुमालाखालचा सौदा

वैशाखरे गावचा भगीरथ इतका लाजाळू, की भाजीवाली सांगेल तो भाव देतो. म्हणून बाजाराला निघताना तो ठरवलेलेच पैसे घेतो, बाकीचे बायकोकडे ठेवतो.

यंदा म्हसा गावच्या जत्रेत तो बैल घ्यायला गेला, तेव्हा मी सोबत होतो. खिशात तीस हजारच होते आणि बैलाशिवाय नांगरणी अडणार होती. तिथे भाव तोंडाने करत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून करतात. एक बोट म्हणजे दहा हजार. व्यापारी चार बोटं दाबायचा, भगीरथ मान खाली घालून तीनच. बराच वेळ हेच चाललं.

शेवटी व्यापाऱ्याने दावं त्याच्या हातात दिलं आणि बोटं चोळत मला म्हणाला, "एवढी तर माझी बायको पण भांडत नाय."