एका लग्नाचे सात व्हिडिओ आणि दोन बैल

“नवा फोन घे,” असं मला इतक्या जणांनी सांगून झालंय, की आता कुणी तोंड उघडलं की मीच विचारते, “देतोस का घेऊन?” फोन पडलाय, भिजलाय, पण उत्तम चालतोय. फक्त त्याचं पोट भरलंय. त्यामुळे माळेगावहून दत्तादादाचा फोन आला तेव्हा मी हाच फोन पर्समध्ये टाकून निघाले.

दत्तादादा म्हणजे माझ्या आत्याचा मुलगा. “शैले, परवा पट्टा पडतोय,” तो म्हणाला. म्हणजे साखर कारखान्याचा यंदाचा हंगाम संपतोय. “शेवटची गाडी आपली हाय. मग बैलं फलटणकडं द्यायची, ओळखीचा माणूस हाय. आता ट्रॅक्टरच ठेवणार.” मग म्हणाला, “तू येऊन शूटिंग कर. इंदापूरला जाऊन आईला दाखव. माझ्याशी ती बोलत न्हाय.”

आत्या खुब्याच्या ऑपरेशननंतर इंदापूरला लेकीकडे असते. पाखऱ्या आणि माण्या ही जोडी तिनं वासरं होती तेव्हापासून सांभाळलेली. बैल द्यायचं ठरलं तेव्हापासून मायलेकांत अबोला. दादाला वाटत होतं, शेवटच्या ऊसगाडीची मिरवणूक काढतात, निदान ती तरी तिनं बघावी. गेलेली गाडी काही परत येणार नव्हती, त्यामुळे हे शूटिंग चुकवून चालणार नव्हतं.

पहिल्या दिवशी स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. सासवड, जेजुरीवरून मोरगाव. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा मैत्रिणींनो, गाडीवाल्याला पैसे चारू नका. जेजुरी सोडली की झाडी विरळ होते, काढलेल्या ज्वारीची रानं आणि शेळ्या सुरू होतात. मोरगावला गणपतीसमोर नंदी आहे. तो तिथं का, याच्या मला तीन माणसांनी तीन कथा सांगितल्या आणि तिघांनीही बाकीच्या दोन खोट्या ठरवल्या. देवळाबाहेर गरम भजी आणि चहा घ्या, पोटभर होतं आणि खिशाला कळतही नाही.

तिथंच रस्त्यावरून शेळ्यांचा कळप येत होता, म्हणून फोन काढला. दोन शेळ्या झाल्या आणि पडद्यावर आलं: जागा शिल्लक नाही.

पाराच्या कडेला बसून मी शुभ सकाळचे सगळे गुलाब पुसले. कुणाकुणाचे वाढदिवस पुसले. उंदराच्या शेपटीएवढी जागा झाली. मग सेटिंगमध्ये जाऊन कोण किती खातंय ते पाहिलं, तर व्हिडिओ एडिटिंगचं ॲप अर्ध्याहून जास्त फोन गिळून बसलं होतं. फुकटचं ॲप! स्वतः एवढंसं, पण आपण त्यात टाकलेली प्रत्येक क्लिप ते स्वतःकडे पुन्हा साठवून ठेवतं, आणि अर्धवट सोडलेलं काम कधीच टाकत नाही.

आणि माझं अर्धवट काम काय होतं? दत्तादादाच्या मुलीचं लग्न. एकाच लग्नाचे सात व्हिडिओ. कारण दादाची भावकी. थोरल्या घराला त्यांचा आहेर आधी दिसायला हवा. मधल्या घराला थोरल्यांच्या आधी नको, पण धाकट्यांच्या मागेही नको. बापूकाकांचा फेटा बांधताना त्यांचे व्याही मध्ये आलेले चालत नाहीत. मी मूर्खासारखी प्रत्येकाला “करते” म्हणाले होते. हे शेजारी बसलेल्या हारवालीला सांगितलं, तर ती दोरा ओढायची थांबली.

“येकच नवरी व्हती ना?”

“एकच.”

“मग येक व्हिडिओ बास की. ज्याला पुढं बसायचंय त्यानं लग्नात पुढं बसायचं व्हतं.”

दुपारी बारामती, तिथून नीरेकडच्या एसटीनं माळेगाव बुद्रुक. सूचना करून ठेवते: हंगामात या रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर झुलत असतात, ऊस बाहेर आलेला असतो, मागे दिवा असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत पोचा. मी पोचले. वहिनीनं बाजरीची भाकरी, वांगं आणि खर्डा वाढला. दादा जेवताना एकदाही बैलांबद्दल बोलला नाही.

सकाळी गाडी सजली. झेंडूच्या माळा, शिंगांना रंग, उसावर गुलाल, पुढे हलगी. आता शूटिंग करायचं, तर फोन पुन्हा तेच म्हणायला लागला. मी आधी ॲपची कॅशे, म्हणजे त्यानं तात्पुरता साठवलेला कचरा, साफ केली. ती सगळ्यांनी निघण्याआधीच करावी, त्यानं काही बिघडत नाही. पण सुटलेली जागा दहा मिनिटांनाही पुरली नसती. उरलं एकच बटण: डेटा साफ करा. त्यात सगळं अर्धवट काम जातं. मूळ क्लिपा पुण्यात हार्ड डिस्कवर होत्या, पण दोन महिन्यांची कापाकापी जाणार होती.

तेवढ्यात बापूकाका गुलाल लावून आलेच. “शैला, आमचा कुठवर आला? थोरल्यांचा आधी देऊ नगंस बरं का.”

“काका, बघा हं,” मी म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं. “सातही गेले.”

“आँ? मग आमचा फेटा?”

“लग्नात जिथं होता तिथंच दिसेल. एकच व्हिडिओ करीन, जसं घडलं तसा. नको असेल त्यानं बघू नये.”

काकांचा चेहरा गुलालापेक्षा लाल झाला. मला मात्र इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मी ते ॲपच काढून टाकलं आणि कॅमेरा सुरू केला.

मिरवणूक सगळी घेतली. पण मिरवणूक थोडी आणि थांबणंच फार. कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे जिथं उसाचं वजन करतात तिथं, पुढच्या गाड्यांची रांग होती. हलगीवाले चहाला गेले. पाऊण तास नुसते बैल उभे. एरवी हे मी कापून चार सेकंदांचं केलं असतं, वर गाणं लावलं असतं. या वेळी हट्टानं फोन गाडीच्या दांडीसमोरच्या कठड्यावर टेकवला, चालूच ठेवला आणि मीही चहाला गेले.

तिसऱ्या दिवशी बारामतीहून इंदापूर. रस्ता चांगला आहे, गाड्या भरपूर. इंदापूर स्टँडवर उतरलं की हायवेच्या ट्रकांचा आवाज आणि तहसीलला आलेल्या लोकांची गर्दी. आत्या कॉटवर उशीला टेकून बसली होती. मी फोन तिच्या पुढ्यात धरला.

“मधलं कुठं कापलंयस का?” तिनं पहिलं हेच विचारलं.

“नाही.”

मिरवणूक तिनं कोरड्या डोळ्यांनी पाहिली. मग काट्याची रांग आली. मी म्हणाले, “पुढं ढकलू का?” तिनं माझा हात झटकला. माण्यानं पाय बदलला, तर ही म्हणाली, “डावा खूर दुखतोय त्येचा, कवापास्नं सांगतीय.” आणि मग दत्तादादा आला. मी तिथं नव्हते, आजूबाजूला कुणीच नव्हतं. त्यानं पाखऱ्याच्या मानेखाली बराच वेळ खाजवलं. मग त्याच्या वशिंडावर कपाळ टेकवलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला.

हे मीही पहिल्यांदाच पाहत होते. आत्या एकटक बघत राहिली. व्हिडिओ संपल्यावर पदरानं फोनची काच पुसून म्हणाली, “दत्तूला लाव.”

लावला. तिकडून दादाचा “बोल शैले” एवढाच आवाज आला.

“म्या हाय,” आत्या म्हणाली. “जेवलास का?”

येताना भिगवणला उतरून मासे खाल्ले. उजनीचा मासा, ज्वारीची भाकरी, झणझणीत रस्सा. तुम्हीही चुकवू नका.

पुण्यात येऊन मला बरेच दिवस झाले. लग्नाचा एकच व्हिडिओ केला, सगळ्यांना एकाच वेळी पाठवला. दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत. खुशाल न बोलोत. बैलांचा व्हिडिओ फोनमध्ये भलीमोठी जागा अडवून बसलाय आणि मी तो हलवणार नाही. ज्याला जागा हवी त्यानं दुसरीकडे बघावी. आत्याला पेन ड्राइव्हवर घालून दिलाय, ती तो टीव्हीवर लावते. गेल्या रविवारी दत्तादादा इंदापूरला गेला होता. आत्यानं त्याला शेजारी बसवून सगळा दाखवला. काट्याची रांग आली तसा तो चुळबुळायला लागला.

“आई, तेवढं तरी कापून टाकायला सांग की शैलाला.”

“न्हाय,” आत्या म्हणाली, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.