तीनदा ओवलेला लूप

भीमेला पूर आला तेव्हा लष्कराच्या इंजिनिअर दलातली आमची सॅपर तुकडी दौंड तालुक्यात उतरली. साठीच्या दशकातली गोष्ट. सकाळचे सात वाजले होते. मी त्याच तालुक्यातल्या खुटबावचा, त्यामुळे नदी ओळखीची होती. नायलॉनचा दोर मात्र नवखा होता.

ट्रेनिंगमध्ये हवालदारसाहेबांनी बजावलं होतं. टोकाला लूप करायचा तर तिन्ही पेड उलगडायचे, टोक वळवायचं आणि पेड मूळ दोरात ओवायचे. काथ्याला तीन वेळा पुरे. नायलॉन गुळगुळीत, त्याला पाच वेळा. मी मनात हसलो होतो. वडील मोटेचा नाडा तीनदाच ओवायचे आणि बैलांच्या ओढीला तो कधी सुटला नाही. शहाण्याला शब्दाचा मार. मी शहाणा नव्हतो.

पलीकडे एका छपरावर चौघं अडकली होती. त्यातली बाई सारखी हाका मारत होती. बोटीच्या कडीत लूप घालायचा, दोर आम्ही काठावरून धरायचा आणि बोट सोडायची, असं ठरलं. बोटीत जाणार होता सॅपर इब्राहिम. शिरूरचा, माझ्याबरोबरच भरती झालेला. कडीतून टोक घेऊन मी ओवायला बसलो.

अकरा दहाला वायरलेस सेटवर विचारणा झाली, "बोट रेडी? ओव्हर."

"दोन मिनिटं. ओव्हर."

इब्राहिम वाकून म्हणाला, "पाच झालं का रं?"

तीन झाले होते.

"व्हय, झालं. बस तू."

त्यानं लूप तपासला नाही. माझ्या शब्दावर बसला.

अकरा वीसला बोट मध्यधारेत गेली. दोर ताणला आणि एकदम हलका झाला. आम्ही पाठीवर पडलो. बोट उलटली. इब्राहिमचं डोकं एकदा वर आलं, मग नाही. ओढून घेतलेल्या टोकाला ओवणीतून निसटलेले तीन पेड विस्कटून लोंबत होते. सगळे म्हणाले, दोर तुटला.

दुपारी तीनला पाणी उतरलं. ती चौघं कमरेएवढ्या पाण्यातून सुखरूप चालत आली. इब्राहिम तिसऱ्या दिवशी सापडला.

मी शिरूरला गेलो. त्याचे वडील ओट्यावर बसले होते.

"दोर तुटला म्हंत्यात. व्हय का, बाळा?"

"व्हय, चाचा."

"मग तू तरी काय करनार? जेवून जा."

मी जेवलो. दोनदा भाकरी मागून घेतली, कारण ते शेजारी बसून वाढत होते.

सॅपर इब्राहिम, वय बावीस. त्याला नदीनं नाही, मी बुडवलं. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते चाचा आता नाहीत.